घरच्या पाण्याचा एक चमचा

रशीदाचा पाण्यावर विश्वास नव्हता. माणसांवर होता, नवऱ्यावर तर जरा जास्तच होता, पण पाण्याची गोष्ट निघाली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. दुबईच्या बर दुबई भागातल्या त्यांच्या गल्लीत रोज सकाळी गाढवावरून पाण्याचे डबे यायचे. बाकीच्या बायका ते पाणी फडक्याने गाळून माठात ओतत आणि आपल्या कामाला लागत. रशीदा तिहेरी मलमलीतून गाळी, मग स्टोव्हवर चढवी, खळखळून उकळी फुटली की शंभर आकडे मोजी, झाकून गार करी आणि पुन्हा एकदा गाळी. शेजारची अन्वरी श्रीवर्धनकडची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, रशीदाच्या घरी पाणी मागण्यापेक्षा रोजा धरलेला सोपा.

अन्वरी असं म्हणायची खरी, पण रशीदा घरात असताना नाही. कारण तिलाही ठाऊक होतं. सन साठ साली रशीदा आगबोटीने पहिल्यांदा दुबईला आली, तेव्हा तिच्या कडेवर दीड वर्षाचा इद्रीस होता. तिसऱ्या आठवड्यात त्याला जुलाब लागले आणि पाच दिवसांत पोर हातचं गेलं. जो तो म्हणाला, दुबईचं पाणी बाधलं. त्या दिवसापासून रशीदाने या गावच्या पाण्याशी वैर धरलं, ते सात वर्षं सोडलं नाही.

एका पाण्याला मात्र तिच्या घरात उकळीची शिक्षा नव्हती.

तिचा नवरा खैरुद्दीन याचं घर दाभोळच्या खाडीकाठी. परसात जांभ्या दगडात खोदलेली विहीर, वर फणसाची सावली. खैरुद्दीनची आई मैमुनाबी तिथे एकटी राहायची आणि तिचा एक नियम होता, जो तिला तिच्या सासूने घालून दिला होता. घरातलं माणूस परमुलखात निघालं की सोबत विहिरीच्या पाण्याची एक बाटली द्यायची. तिकडे पोचल्यावर पहिले चाळीस दिवस तिथल्या पाण्यात या पाण्याचा एक चमचा घालायचा आणि मग प्यायचं. म्हणजे पाण्याला पाण्याची ओळख पटते आणि परकं पाणी बाधत नाही. पुढेही कुणी आजारी पडलं तर एक चमचा, ईदेला सगळ्यांना एक एक चमचा. दरसाल गावचा लियाकत, आगबोटीवरचा खलाशी, दुबईच्या फेरीला एक बाटली घेऊन यायचा. शरबताची हिरवी बाटली, बुचावर मेण ओतलेलं.

बूच काढलं की ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा वास यायचा. रशीदा डोळे मिटून तो वास घ्यायची. सात वर्षांत ती एकदाही गावी जाऊ शकली नव्हती, आणि तिला गावाची आठवण यायची ती अशी नाकातून. रहाटाचा आवाज, कळशी घासल्याचा आवाज, सासूची हाक, सगळं त्या वासाच्या मागोमाग यायचं. मग ती बूच घट्ट लावून बाटली कपाटात, कुराणशरीफाच्या खालच्या फळीवर ठेवून द्यायची.

त्यांची मुलगी बिलकीस दुबईतच जन्मली होती. सहा वर्षांची, बोलायला चुरचुरीत, पण धावली की तिचे ओठ निळे पडायचे. गल्लीतल्या पोरांबरोबर खाडीपर्यंत गेली तर येताना तिला उचलून आणावं लागायचं. सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात इस्पितळातल्या इंग्रज डॉक्टरने तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की काळजाला भोक आहे, ऑपरेशन लंडनला होईल, आणि उशीर करू नका. खैरुद्दीन एका इंग्रज आगबोट कंपनीच्या ऑफिसात क्लार्क होता. त्याच्या साहेबाने लंडनच्या इस्पितळाला पत्रं लिहिली, कंपनीने तिकिटांची व्यवस्था केली. मुलीबरोबर एकालाच जाता येणार होतं. ज्याला इंग्रजी येतं त्याने जावं हे उघडच होतं. रशीदाने मान हलवली आणि भांडी घासायला बसली. दोनदा घासलेलं पातेलं तिने तिसऱ्यांदा घासलं.

एक पोर तिने दुबईच्या वाळूत ठेवलं होतं. हे दुसरं तिला परत हवं होतं. बाकी तिला काही नको होतं.

निघायच्या आठ दिवस आधी लंडनहून एक छापील कागद आला, परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. खैरुद्दीनने तो मोठ्याने वाचून रशीदाला समजावला. कुठली बस, कुठलं स्टेशन, थंडीचे कपडे, आणि मग एक ओळ अशी की शहरातल्या नळाचं पाणी पिण्यास पूर्ण सुरक्षित आहे, उकळण्याची गरज नाही.

रशीदाने तो कागद हातात घेतला, उलटा केला, मागे काही आहे का ते पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण कागदाला तोंड असतं आणि त्या तोंडावर विश्वास ठेवायचा की नाही हे तिला कळत असे. तिने विचारलं, हे लिहिणारा स्वतः पितो का? खैरुद्दीन म्हणाला, तिथे सगळेच पितात, राणीसुद्धा. त्यावर रशीदाचं म्हणणं पडलं की राणी तिथेच जन्मली, तिला काय बाधणार. आपल्या गल्लीच्या तोंडाशी चर खणून ठेवलेत, उद्या दुबईतही नळ येईल, मग उद्या इथेही कुणी कागद छापील. कागद छापायला काय लागतं?

तिने सामानात छोटा स्टोव्ह बांधला. खैरुद्दीनने तो सोडून बाहेर काढला, इस्पितळात स्टोव्ह पेटवला तर मला बाहेर काढतील म्हणाला. तिने मलमल ठेवली, ती राहू दिली. शेवटी तिने कपाटातून बाटली काढली. लियाकतने ती मागच्या हिवाळ्यात आणली होती, जेमतेम चार बोटं रिकामी झाली होती. दोन पंच्यांत आणि बिलकीसच्या लोकरी स्वेटरात गुंडाळून तिने ती बॅगेच्या मधोमध ठेवली, आणि या वेळी मात्र खैरुद्दीनला डोळ्यांत बघून म्हणाली, "स्टोव्ह नको तर नको. पण हिच्या ग्लासात रोज एक चमचा. चाळीस दिवस. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

खैरुद्दीनने शपथ घेतली. त्यालाही लहानपणापासून आईने तेच पाजलं होतं, त्यात खोटं काही त्याला वाटलं नाही.

निघायच्या सकाळी रशीदा अब्र्यापर्यंत गेली. अब्रा म्हणजे खाडी ओलांडायची होडी, विमानतळ पलीकडच्या काठाला. होडीत बसल्यावर बिलकीसने विचारलं, अम्मी, तू का नाही येत? रशीदा म्हणाली, घरात पाणी कोण भरणार? होडी निघाली. पोरगी लाल स्वेटर घालून बसली होती, दुबईच्या त्या उकाड्यातही काढायला तयार नव्हती. तो लाल ठिपका समोरच्या काठाच्या गर्दीत मिसळेपर्यंत रशीदा उभी राहिली. नंतरही राहिली. शेवटी होडीवाल्यानेच विचारलं, की बाई, तुम्हाला जायचंय का पलीकडे? तेव्हा ती घरी परतली.

घर म्हणजे दोन खोल्या, पण त्या दिवसांत त्या संपता संपेनात. बिलकीसचा एक चिनीमातीचा कप होता, वर निळा मासा काढलेला. रोज संध्याकाळी रशीदा तो उकळलेल्या पाण्याने भरून तिच्या उशाजवळ ठेवायची, कारण रोज ठेवायची सवय होती. सकाळी ते पाणी पुदिन्याच्या डब्यात ओतायची. अन्वरीने एकदा पाहिलं आणि म्हणाली, अगं, पुदिनासुद्धा उकळलेल्या पाण्यावर वाढवतेस? रशीदा हसली. मग आत जाऊन रडली. आपल्याला इतकी आठवण येईल हे तिला वाटलं नव्हतं. पोरगी घरात असताना दिवसभर कटकट करायची आणि रशीदा तिला दिवसातून दहा वेळा गप्प बस म्हणायची. आता घर गप्प बसलं होतं.

पहिलं पत्र बारा दिवसांनी आलं. रशीदाची चौथीपर्यंत शाळा झाली होती, मराठी ती सावकाश पण स्वतः वाचायची. पोचलो, थंडी फार आहे, इस्पितळ चांगलं आहे, नर्सबाया मायाळू आहेत. खाली लिहिलं होतं, चमचा चालू आहे.

दुसरं पत्र आलं तेव्हा तिने ते उभ्यानेच वाचलं. बिलकीसला जुलाब लागले, ताप चढला, ऑपरेशन पुढे ढकललं. पुढे एकच ओळ होती: इथलं पाणी बाधलं असं दिसतं, काळजी करू नको.

जुलाब हा शब्द तिने सात वर्षं घरात कुणाला उच्चारू दिला नव्हता. पण भीतीबरोबर तिला दुसरंही काही झालं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिला राग आला, आणि रागाच्या आत थोडी फुशारकी होती. ती अन्वरीकडे गेली, पत्र दाखवलं. बघितलीस लंडनच्या नळाची हमी? छापून देतात आणि पोरं आजारी पाडतात. गल्लीतल्या चार बायकांना तिने हे सांगितलं. मग घरी येऊन रात्रभर नमाजाच्या जानमाजवर बसली, आणि सकाळी नवऱ्याला पत्र लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं झालं, पण मजकूर सरळ होता: एका चमच्याने भागत नाही. दोन चमचे करा. पाण्याला ओळख पटली नाही अजून.

टपालात पत्र टाकल्यावर तिला आठवलं की इद्रीसच्या वेळीही तिने असंच केलं होतं. एकाचे दोन, दोनाचे तीन. तेव्हा बाटली नवी होती, काठोकाठ भरलेली.

तिसऱ्या पत्रात खैरुद्दीनने लिहिलं, दोन चमचे देतो आहे. ताप उतरला. त्यानंतर दोन आठवड्यांनी कंपनीच्या ऑफिसातला माणूस तार घेऊन दारात आला आणि इंग्रजीत वाचायच्या आधीच हिंदीत म्हणाला, ऑपरेशन हो गया, बच्ची ठीक है. रशीदा उंबऱ्यातच खाली बसली. त्या माणसाला पाणी विचारायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

जानेवारीत ते परत आले. अब्र्यातून उतरलेल्या पोरीचे गाल वर आले होते आणि ओठ चक्क गुलाबी होते. तिने रशीदाला मिठी मारली, आणि मग किनाऱ्यापासून घरापर्यंत धावत गेली. कुणी उचललं नाही. मागून चालताना रशीदाला चालणं जमेना, सारखी डोळ्यांपुढे पाण्याची झालर येत होती. घरी पोचल्यावर तिने माशाचा कप भरून दिला, बिलकीस गटागटा प्यायली आणि म्हणाली, "थँक यू, अम्मी." विचारलेल्या सगळ्याला ती आता येस आणि नो म्हणत होती. अन्वरी म्हणाली, काळीज शिवून आणलं की बदलून आणलं?

चार दिवस आनंदाचे गेले. पाचव्या दिवशी दुपारी बिलकीस बाहुलीबरोबर इस्पितळ खेळत होती. रशीदा जवळच तांदूळ निवडत बसली होती. बिलकीसने बाहुलीला झोपवलं, रिकाम्या औषधाच्या बाटलीतून चमचाभर काही ओतल्यासारखं केलं, आणि लगेच दुसऱ्या हाताने तो चमचा काढून घेतला.

"नो, नो," ती बाहुलीला म्हणाली. "डर्टी बॉटल."

रशीदाने सहज विचारलं, कुठली बाटली गं?

बिलकीसने खेळ न थांबवता सांगितलं. दादीची. अब्बा ग्लासात चमचा घालत होते ते नर्सने बघितलं आणि बाटली घेऊन गेली. डॉक्टरांनी मशीनमध्ये बघितलं. "नळाचं पाणी क्लीन होतं, अम्मी. बॉटलमध्ये जर्म्स होते. बारीक बारीक, चालणारे. मग त्यांनी बॉटल फेकून दिली आणि मी बरी झाले. अब्बा जिन्यात बसून रडले." एवढं सांगून तिने बाहुलीला चादर ओढली.

रशीदाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आधी तिला वाटलं, पोरगी काहीतरी रचते आहे. मग वाटलं, सहा वर्षांच्या पोरीला हे रचता येणार नाही. मग दुसऱ्या पत्रातली ओळ आठवली, तिसऱ्या पत्रातले दोन चमचे आठवले. बाटलीच नव्हती तर चमचे कशाचे? आणि मग, सगळ्यात शेवटी, इद्रीस आठवला. त्याचं आवळलेलं तोंड, आणि ते उघडायला तिने लावलेलं बोट.

खैरुद्दीन ऑफिसातून आला तेव्हा बिलकीस अन्वरीकडे गेली होती. रशीदाने चहा दिला. तो अर्धा संपेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "बाटलीचं मला कळलं."

खैरुद्दीनने कप खाली ठेवला. विहीर वाईट नाही, असं तो घाईघाईने सांगू लागला. गावात सगळे तेच पाणी पितात, आई सत्तरीची झाली तरी पितेय. पण बंद बाटलीत, आगबोटीच्या उष्णतेत, वर्ष वर्ष पडून पाणी नासतं. डॉक्टरांनीच सांगितलं, यात कुणाचा दोष नाही.

"आणि इद्रीस?" रशीदाने विचारलं.

खैरुद्दीनने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मी डॉक्टरला तेही विचारलं. सात वर्षांपूर्वीचं कोण सांगणार, म्हणाले. दुबईच्या पाण्यानेही गेला असेल. खलास, रशीदा. आता ते कुणालाच कळणार नाही."

"विचारलंत म्हणजे तुमच्याही मनात आलं."

त्याने फक्त एवढंच सांगितलं की तुला हे कधी कळू नये म्हणून मी खोटं लिहिलं. शपथ तुझ्या गळ्याची होती, ती मोडली. मोडली नसती तर पोर घेऊन आलो नसतो. रशीदाने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण राग कुठे ठेवायचा हेच तिला कळेना. तिने कप उचलला आणि विसळायला नेला. मोरीत उभी राहून ती रडली, आणि या वेळी आवाज लपवला नाही. खैरुद्दीन दारापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला.

फेब्रुवारीत लियाकत आला. दारातूनच त्याने हाक दिली, भाभी, मैमुनाबीची भेट आणलीय. हिरवी बाटली, बुचावर ताजं मेण. मैमुनाबीने निरोप दिला होता की नात परमुलखातून आली आहे, तिला आता पुन्हा चाळीस दिवस चमचा लागेल. लंडनचं पाणी अंगातून काढायला हवं. आणि फणसाच्या झाडाला यंदा बुंध्यापासून फणस लागलेत, तुम्ही कधी येणार? लियाकतने हे सगळं सांगितलं, चहा घेतला आणि यल्ला, निघतो, म्हणून बंदरावर परतला.

बाटली ओट्यावर होती. रशीदाने नखाने मेण काढलं आणि बूच ओढलं. तोच वास आला. ओला दगड, शेवाळ, रहाट, फणसाची सावली, सासूची हाक. तिचं मन नेहमीसारखंच भरून आलं, एवढं सगळं कळल्यावरही. याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. गावाची ओढ काही शहाणी होत नाही. तिला त्या क्षणी तिथे जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसावंसं वाटलं, आणि इद्रीसला मांडीवर घेऊन बसावंसं वाटलं, आणि यातलं एक कधी ना कधी जमेल, दुसरं नाही, हे तिला ठाऊक होतं.

मग तिने पातेलं घेतलं. बाटली त्यात रिकामी केली, सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत. तिहेरी मलमलीतून गाळून पाणी स्टोव्हवर चढवलं. सात वर्षांत त्या घरात गावचं पाणी पहिल्यांदा आचेवर गेलं. उकळी फुटली तशी वाफ वर आली, तिच्यात वास होता, मग कमी झाला, मग नुसती वाफ राहिली. रशीदाने शंभर आकडे मोजले. खैरुद्दीन कामावरून येऊन केव्हाचा दारात उभा होता. त्याने पातेलं पाहिलं, रिकामी हिरवी बाटली पाहिली, आणि बूट काढून आत आला.

पाणी गार झाल्यावर तिने आधी स्वतः एक चमचा घेतला. गावची चव त्यात सापडते का ते जिभेवर घोळवून पाहिलं. सापडली नाही. मग तिने बिलकीसच्या माशाच्या कपात एक चमचा घातला आणि कप तिच्या हातात दिला.

संध्याकाळी ती सासूला पत्र लिहायला बसली. खैरुद्दीन म्हणाला, मी लिहू का? ती नको म्हणाली. मैमुनाबी सत्तरीची होती, घरात एकटी होती, आणि तिच्याकडे विहिरीशिवाय पोरांना द्यायला दुसरं काही नव्हतं. रशीदाने बराच वेळ पेन हातात धरलं. लंडनच्या त्या जिन्यातून उठून दोन चमचे देतो आहे असं लिहिताना आपल्या नवऱ्यानेही हेच केलं असणार, हे तिला तेव्हा समजलं. मग सावकाश, एकेक अक्षर लावत, तिने लिहिलं: मां, पाणी पोचलं. पोरीला रोज एक चमचा देते. इद्रीसलाही हेच पाणी गोड लागायचं. पुढच्या वर्षीही पाठवा.